रुपयातली बाय, डॉलरातला मामा

भाच्याच्या लग्नाला बहिणीला विमानाने नेईन, असं मी मस्कतहून फोनवर बोलून गेलो. परदेशातून फोन करताना माणूस जरा जास्तच बोलतो. ही नव्वदच्या दशकातली गोष्ट. आमच्या रोह्यात तेव्हा विमान म्हणजे डोक्यावरून जाणारी वस्तू.

बहीण, म्हणजे आमची बाय, पेणजवळ खाडीकाठच्या गावात राहते. मिठागरात डोक्यावर पाट्या वाहून तिने मला वेल्डिंग शिकायला पाठवलं. त्याच वेल्डिंगवर मी मस्कतला गेलो, पुढे स्वतःचं वर्कशॉप टाकलं. तिचा मुलगा डोलवीच्या कारखान्यात क्रेनवर. कंपनीने त्याला सहा महिने कलकत्त्याला धाडलं आणि पठ्ठ्याने तिथलीच मुलगी पसंत केली. लग्न तिकडेच. आमच्यात अक्षता पडताना नवऱ्यामुलाच्या मागे मामा उभा राहतो, आणि वरमायेने ते लग्न बघायचं नसतं. ती मांडवाबाहेर थांबते. म्हणजे मामा हवाच. भावजी आणि वऱ्हाड आगगाडीने आधीच गेलं. बाय तेवढी माझ्यासाठी थांबली. "भावाबरोबर इमानात जानार" हे तिने गावभर सांगून ठेवलं होतं.

मी उतरलो तेव्हा लग्नाला चार दिवस होते. घरी येताना वाटेत पनवेलला एका ओळखीच्या माणसाकडे होते नव्हते ते सगळे रियाल मोडले. बँकेपेक्षा भाव चांगला, वर चहा. स्वतःच्या हुशारीवर जाम खूष होऊन मी रोह्याला पोचलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी स्टेशनजवळच्या एजंटकडे गेलो. हा मुंबईला फोन लावून तिकिटं मागवायचा आणि ती एसटीने यायची.

"दोन तिकिटं, कलकत्ता. किती?"

"ताईंचं रुपयात. तुमचं डॉलरमध्ये."

मला वाटलं, थट्टा करतोय. "का रे बाबा? मी काय दोन खुर्च्यांवर बसणार आहे?"

"शेठ, तुम्ही राहता बाहेर. बाहेरच्यांचं भाडं वेगळं. विमान तेच, खुर्ची तशीच, चहासुद्धा तोच."

"पासपोर्ट भारताचा आहे माझा!"

"पण राहता तिकडे ना?"

त्याने आकडा सांगितला. बायच्या भाड्याच्या जवळजवळ दुप्पट. पण खरं सांगू, आकड्यापेक्षा 'बाहेरचे' हा शब्द जास्त लागला. ज्या गावच्या बांधावर मी उघडा धावलो, तिथेच मला कोणी पाहुणा ठरवलं होतं.

एजंट पुढे वाकला. "रोह्याचा पत्ता लिहू का? विमानतळावर कोण विचारतंय? तोंड बंद ठेवा म्हणजे झालं."

मी धंद्यातला माणूस. म्हटलं, लिही.

लग्नाच्या आदल्या दिवशी सकाळी रोह्याहून लाल डब्याने पेणला निघालो. नागोठण्यापर्यंत रस्त्याने हाडं मोजून घेतली. मागच्या बाकावर दोन बायका बोलत होत्या.

"इमानाची खिरकी उघरता येते काय गो?"

"येत आसंल तं. नायतर पान खाल्ल्यावर मानसा थुकतील कुठं?"

वडखळला गाडी थांबली, गरम वडे मिळाले, सोबत तळलेली मिरची. त्या रस्त्याने जाणार असाल तर पोटभर खाऊन घ्या. पुढे विमानतळावर त्याच पैशांत नुसता चहा मिळतो.

पेणच्या स्टँडवर बाय पहाटेपासून येऊन बसली होती. नवं कोरं लुगडं, कपाळभर कुंकू आणि व्याह्यांसाठी पोह्याच्या पापडांची दोन भली मोठी बोचकी. टॅक्सी ठरवलेली होती. खारपाड्याचा पूल ओलांडल्यावर मी विषय काढला.

"बाय, विमानतळावर मी मस्कतला असतो हे कुणाला बोलायचं नाय."

"मंग काय बोलू?"

"काहीच बोलू नको."

"वीस वर्सं 'भाव मस्कतला हाय' तेवरंच तं बोलते रं मी," ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघत राहिली.

विमानतळावर सामान काट्यावर ठेवलं. काउंटरवरच्या मॅडम मराठी निघाल्या. त्यांनी बायकडे बघून हसून विचारलं, "काय आजी, पहिल्यांदाच विमानात?"

बस्स. धरण फुटलं.

"व्हय! माजा भाव नेतो मना. मस्कतला आसतो. मोठं वर्कशाप हाय त्याचं तिकरं. पोराच्या लग्नासाठी खास आलाय, चार दिस पन नाय झालं..."

मी तिच्या पायावर हळूच पाय ठेवला.

"पाय कं चेपतंस रं?"

मॅडमचं हसू तसंच होतं, नजर मात्र तिकिटावर गेली. "सर, पासपोर्ट?"

तो माझ्या शर्टाच्या खिशातून डोकावत होता. वीस वर्षांची सवय.

"फरक भरावा लागेल. डॉलरमध्ये."

"आत्ता रुपयात भरतो."

"रुपये चालतील, पण परकीय चलन बँकेत मोडल्याचा दाखला लागेल."

दाखला! पनवेलच्या त्या माणसाने मला फक्त चहा दिला होता. खिशात नोटांचं पुडकं आणि त्याची किंमत शून्य. कारण तो पैसा रियाल मोडून आलाय हे सांगायला एक चिटोरं नव्हतं. डॉलर नाहीत, शिल्लक रियाल नाहीत, आणि त्यानंतरच्या विमानाने लग्न गाठता येणार नव्हतं. वर्कशॉपमध्ये सोळा माणसांना कामाला लावणारा मी खिसे चाचपत उभा राहिलो.

बायला मॅडमनी समजावून सांगितलं. तिला आधी पटेचना.

"ह्यो पावना? ह्याला मी कंबरेवर घेवून मिठावर उभी रायलेय!"

"आजी, मला कळतंय हो. पण नियम माझ्या हातात नाही."

बायने एकदा त्या तिकिटाकडे, एकदा माझ्याकडे बघितलं. मला वाटलं, आता रडणार.

"माजा तिकीट बरोबर हाय ना?"

"तुमचं बरोबर आहे."

"मंग मी जाते."

"एकटी? अगं, तुला हिंदी येत नाही!"

"त्यांना मराठी येत नाय. मी काय बोल्ले का त्यांना?"

मग तिने हात पुढे केला. "टोपी दे." लग्नात मामा म्हणून उभं राहायला मी नवी पांढरी टोपी घेतली होती. ती तिने पिशवीत घातली. मॅडमनी तिला दंडाला धरून आत नेलं. पनवेलच्या पलीकडे कधी न गेलेली माझी बहीण मागे वळूनही न बघता निघून गेली, आणि इतक्या वेळा समुद्र ओलांडलेला मी काचेच्या अलीकडे.

परतीला तीच टॅक्सी मिळाली. "आजी गेल्या?" ड्रायव्हरने विचारलं.

"गेली."

"आणि तुम्ही?"

मी त्याला थेट रोह्याला सोडायला सांगितलं. आधी नियमावर चिडलो होतो, मग बायवर. वडखळच्या फाट्याजवळ कुठेतरी लक्षात आलं, सगळ्या वाटेत खोटं बोललेलं माणूस एकच होतं, आणि ते मागच्या सीटवर बसलं होतं.

ते दुहेरी भाडं आता इतिहासजमा झालंय. तरी बाहेरून येऊन इथे फिरणाऱ्यांना माझं सांगणं तेच: पैसे बँकेत मोडा, चिटोरं जपा, आणि बरोबर बहीण असेल तर खरंच सांगा. तसंही ती सांगणारच आहे.

आठ दिवसांनी वऱ्हाड परतलं. मी पेणला गेलो तर बायने आधी टोपी परत दिली, हळदीचे डाग पडलेली. मग फोटो दाखवला. मधे अंतरपाट, अलीकडे भाचा, आणि त्याच्या मागे, जिथे मी असायला हवा होतो तिथे, अंबाड्यावर माझी टोपी चढवून खुद्द बाय ताठ उभी.

मी हबकलो. "बाय! आपल्यात वरमायेने लग्न बघायचं नसतं ना?"

बायने फोटो पदराने पुसला.

"वरमाय भायेरच व्हती," ती म्हणाली. "तो मामा हाय."