दुष्टपणा कुठे राहतो?

खेडकर सरांची आणि माझी ओळख बुलढाण्याच्या महाविद्यालयात झाली, ती वादानेच. महाराष्ट्र राज्य नवे होते आणि मी वर्गात नवा. राज्यशास्त्र शिकवताना सर म्हणाले, "दुष्टपणा माणसात नसतो, व्यवस्थेत असतो." मी उभा राहिलो. "सर, आमच्या गावात तो विहिरीवर येऊन बसतो. त्याला नाव आहे, नामदेवराव."

सर रागावले नाहीत. त्यांना भलतेच कुतूहल वाटले. त्यांच्या वर्गाची एक शिस्त होती. विरोध करायचा तर आधी समोरच्याचे म्हणणे आपल्या तोंडाने मांडायचे, आणि तो "हाव, हेच म्हणतो मी" म्हणाला तरच खोडायचे. सरांनी माझे म्हणणे पुन्हा पुन्हा मांडून पाहिले. मी काही "हाव" म्हणेना. मग रविवारी ते माझ्यासोबत एस.टी.त बसले.

आम्ही बौद्ध. गावच्या विहिरीवर नामदेवराव माझ्या आईला घागर भरू देत नसत. ती लांबच्या नाल्यावर जाई. त्या दिवशी आई घागर घेऊन आमच्यासोबत विहिरीवर आली. सर नामदेवरावांच्या शेजारी टेकले, तंबाखू मागून घेतली आणि सहज विचारले, "या बाईले पाणी काऊन भरू देत नाही?"

"माह्या मनात काई नाही, सर. गावाची रीत हाय."

"तुम्ही उठून गेले तं कोण अडवीन?"

"कोणीच नाही," नामदेवराव म्हणाले, आणि उठून गेले. आईने घागर भरली. दोर सरांनी ओढला.

परतताना गाडीत आमचे जुंपलेच. सर म्हणाले, "पाह्य, उठला! दुष्ट असता तं उठला असता का?" मी म्हणालो, "उठता येत होतं, तरी इतकी वर्षं बसलाच ना?"

पुढे मी त्याच विभागात शिकवू लागलो. माझ्या पहिल्या तासाला सरांनी आपला काळा कोट मला घातला. बाह्या बोटांपर्यंत येत होत्या. वाद मात्र त्यांनी तसूभरही सोडला नाही.

आज सरांची साठी. खरे सांगतो, माझे म्हणणे ते केव्हाच अचूक मांडू लागले आहेत. मीच "हाव" म्हणत नाही. कारण मग ते खोडतील, आणि दोष फक्त व्यवस्थेचा ठरला, तर आईच्या नाल्यावरच्या खेपांचा जाब मी कुणाला विचारू?

सर, याचे उत्तर सापडेपर्यंत तुम्ही धडधाकट राहा. सापडले तरी राहा. "हाव" मी जपून ठेवला आहे.