खालाच्या कोंबड्या आणि आमचा कुत्रा

उदगीरला आम्ही राहायचो तेव्हा निजामाचं राज्य सरत आलं होतं, पण आमच्या अंगणाला त्याची खबर नव्हती. वडील कचेरीत उर्दूत कागद लिहायचे. शेजारच्या पिंजाऱ्याच्या बायकोला आम्ही मुलं खाला म्हणायचो. तिच्या कोंबड्या दिवसभर मोकळ्या असत, आणि मधली भिंत बुटकी असल्यानं त्या आमच्याच अंगणात जास्त.

आमच्याकडं अंडंसुद्धा कुणी शिवत नसे. कुत्रा भाकरी-ताकावर वाढलेला, तेव्हा तोही माळकरीच, अशी घराची पक्की समजूत. इतकी, की एकादशीला त्यालाही उपास घडायचा. त्या दिवशी तवा चढायचा नाही, आणि भगर माणसांपुरतीच. अशाच एका एकादशीला त्यानं खालाची तांबडी कोंबडी धरली.

वडिलांनी ठरवलं, याला देगलूरकडं नेऊन सोडायचा. मी दोन दिवस कुणाशी बोलले नाही. त्या घरात माझं म्हणावं असं तेवढं एकच होतं.

कोंबडी गेली खालाची, आणि रदबदलीला आली तीच. भिंतीपलीकडून पदर सावरत म्हणाली, "भाईसाब, पंधरा दिस द्या मला. शिकतंय जनावर."

"पोट भरलेलं असलं की कुणीही शहाणा," वडील म्हणाले. "पुढच्या एकादशीला मोकळा सोडू. मग बघू."

मग त्या शिकवणीच्या सकाळी सुरू झाल्या. डोळ्यांतली झोप गेलेली नसायची, आणि दोरी माझ्या हातात असायची. खाला मूठभर ज्वारी फेकायची, कोंबड्या धावत यायच्या, कुत्र्याचं अंग ताठ व्हायचं. आम्ही दोघी गप्प. पलीकडं तिच्या नवऱ्याची धनुकली टणटणत राहायची आणि कापसाचे तंतू उन्हातून तरंगत येऊन कोंबड्यांच्या पाठीवर, कुत्र्याच्या नाकावर बसायचे. केव्हातरी तो कोंबडीवरची नजर काढून खालाकडं बघायचा. तेवढ्यात भाकरीचा तुकडा त्याच्या तोंडात.

"वरडायचं न्हाई," ती मला सांगायची. "आपल्याकडं बगितलं की द्यायचं. बास."

दोरी रोज वीतभर सैल व्हायची. किती वेळ गेला ते कळायचं नाही. मी जागी होते की अजून अंथरुणातच, याचाही घोळ व्हायचा. इतकी सुखात मी पुढं फार थोड्या वेळा होते.

एकदा खालानं आईला विचारलं, "बाई, एकादशीला याला काय घालता?"

"काही नाही. घराची रीत आहे."

"रोजा तुमचा हाय. त्याला कशापायी?"

आई आत निघून गेली. तिला राग आला असं मला वाटलं, आणि मी खालावरच चिडले. चांगलं चाललेलं कशाला बिघडवायचं?

एकादशी उजाडली. उपाशी कुत्रा आज हरणार, या भीतीनं मी त्याला शोधत गोठ्यामागं गेले. तिथं तीन दगडांवर तवा होता. आई भाकरी थापत होती आणि कुत्रा तिच्यापुढं बसला होता. तवा आमचा नव्हता, खालाचा होता. खालाच्या घरचं पाणीही न घेणारी माझी आई, तिनं तो कधी मागून आणला कुणास ठाऊक.

वडिलांनी स्वतः दोरी सोडली. खालानं ज्वारी फेकली. कोंबड्या त्याच्या पायांतून टिपत फिरल्या. त्यानं एकदा खालाकडं बघितलं, एकदा आईकडं, आणि उंबऱ्याशी आडवा होऊन डोळे मिटले.

वडिलांचं लक्ष मात्र आईच्या हातांवरच्या पिठाकडं होतं. "आज तवा चढला?"

"चढला," आई म्हणाली. "आणि मागली कोंबडी त्यानं नाही मारली. त्याला उपाशी ठेवून मी मारली."

वडिलांनी खुंटीवरची शेरवानी काढली. ती चढवून कचेरीला निघाले, आणि उंबऱ्यात झोपलेल्या कुत्र्याला न उठवता मागच्या दारानं गेले.