दोन मिनिटं टाळ्या

फिलोमिना गेल्याचं तिच्या मुलीने मनोरीहून फोन करून कळवलं, तेव्हा मी डिसेंबरच्या कार्यक्रमासाठी तिलाच फोन लावायच्या बेतात होते. "आई गेली, मावशी," एवढंच ती म्हणाली. रडू यायच्या आधी मला फिलोमिनाचा रागच आला. ऐन तयारीच्या दिवसांत गेली बाई…

आम्ही दोघी बोरीवलीच्या एकाच मराठी शाळेत शिकवायचो. निवृत्तीनंतर तिने आमच्या वाचनालयात एक भलतीच प्रथा सुरू केली. वर्षअखेरीची एक संध्याकाळ, त्या वर्षात गेलेल्या नामवंतांसाठी. गायक, खेळाडू, शास्त्रज्ञ, नट. हार घातलेले फोटो नाहीत, पडलेले चेहरे नाहीत. एकाने उठून त्या माणसाचं काम रंगवून सांगायचं आणि मग सगळ्यांनी उभं राहून दोन मिनिटं शांतता नव्हे, टाळ्या! "आयुष्यभर टाळ्या घेतल्या ना त्यांनी? मग मेल्यावर गप्प काय बसायचं गं?" पहिल्या वर्षी आम्ही संकोचून बसलो होतो. पण हिने पदर खोचला, हातात पेरू घेतला आणि एका फिरकी गोलंदाजाचा चेंडू असा काही वळवून दाखवला, की लोकांनी सभागृह डोक्यावर घेतलं.

एकदा तर व्हॉट्सॲपवर भरवसा ठेवून तिने एका चांगल्या धडधाकट नटालाही टाळ्या देववल्या. दुसऱ्या दिवशी त्याचाच फोन! आमची वाट लागली. ही मात्र शांतपणे म्हणाली, "आगाऊ मिळाल्या असं समजा, काका." पलीकडे तो पोट धरून हसत होता.

एका बाबतीत ती फार कडक होती. घरचं, ओळखीचं माणूस या संध्याकाळी आणायचं नाही. तिचा नवरा लग्नाच्या बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायचा, अख्खी मनोरी त्याच्यावर फिदा होती. तो गेला त्या वर्षी मी म्हटलं, "या वेळी त्यालाही घे ना." ती म्हणाली, "नको. आज माझा, उद्या तुझा. मग नुसती रडारड होईल यार." मला तेव्हा ते पटलं होतं.

यंदा तेच अंगाशी आलं. फिलोमिना काही नामवंत नव्हती. तिच्यासाठी टाळ्या व्हाव्यात म्हणून मी वाचनालयाच्या सचिवांकडे, दळवींकडे गेले. ते मान हलवत म्हणाले, "नियम बाईंचोच आसा. मी तो कसो मोडू?" त्यांचं चुकत नव्हतं, हेच मला जास्त झोंबलं. तिचीच संध्याकाळ आणि तिचंच नाव गिळून बसायचं! चिडत, धुसफुसत मी तयारी केली.

सभागृह गच्च भरलं होतं. शेवटचं नाव एका गायिकेचं होतं. सगळे उभे राहिले, दोन मिनिटं संपली, दळवींनी बसायची खूण केली. कुणी बसेना. टाळ्या थांबेनात, उलट चढतच गेल्या. मी कुणाला एका शब्दाने काही सुचवलं नव्हतं, शप्पथ. माझे डोळे वाहत होते आणि छाती अभिमानाने फुगली होती.

"बसा आता, कार्यक्रम संपला," दळवी माईकवरून म्हणाले.

पुढच्या रांगेतले एक आजोबा टाळ्या न थांबवता ओरडले, "आम्ही कुणाचं नाव घेतलंय का? नियम कुठे मोडलाय?"

दळवींनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं. मग त्यांनी माईक टेबलावर ठेवला. त्यांना दोन्ही हात मोकळे हवे होते.