मारुतीचे जोडलेले हात

तेलात कालवलेल्या शेंदराचा वास आला की मला डोणगावजवळच्या आमच्या गावातला मारुती आठवतो. लग्नानंतरच्या पहिल्याच हनुमान जयंतीला मी सासूबाईंसोबत देवळात गेले होते. पुजारी मूर्ती पुसत असताना शेंदराचा जाडच्या जाड थर धाडकन खाली पडला.

"देव कोपला!" बायका घाबरून मागे सरल्या. सासूबाई मात्र पुढे वाकल्या आणि ओरडल्याच, "अवं, पाह्य नं! देवानं तं हात जोडले हायेत!"

पिढ्यान्‌पिढ्या सगळे ज्याला गदा उगारलेला वीर मारुती समजत होते, तो रामापुढे हात जोडून उभा असलेला दास मारुती निघाला! देवळात एकच जल्लोष झाला. मी घाईघाईने नवस बोलायला लागले, तर सासूबाई म्हणाल्या, "त्याले काही मागू नको आज. त्याच्या बाजूले उभी राह्य."

तेव्हा मी हिरमुसले होते. आता मात्र मी काही न मागता, त्याच्यासारखीच हात जोडून, तिथेच उभी राहते.