श्वास वाचणारे चाचा

घोरणाऱ्या माणसाची खरी कदर करणारा एकच माणूस अख्ख्या पनवेल तालुक्यात झाला, आणि माझं भाग्य असं की तो सुकापूरला आमच्या बरोब्बर वरच्या मजल्यावर राहतो. एरवी घोरणाऱ्याला घरात कुणी हिंग लावून विचारत नाही. पाहुणेसुद्धा सतरंजी उचलून गच्चीवर जातात. पण अमका झोपेत घोरतो आणि मध्येच गप्प होतो, एवढं आमच्या चाचांच्या कानावर जाऊ द्या, त्यांचे डोळे ताजी सुरमई दिसल्यासारखे चमकतात. "गप्प होतो? किती सेकंद? दहाच्या वर?" असं ते इतक्या हर्षाने विचारतात की आपल्याला दुखणं लागलंय की लॉटरी, हे समोरच्याला कळेनासं होतं.

चाचा मूळचे उरणचे. तीस वर्षं आखातात, एका गॅसच्या कारखान्यात दाबाच्या नोंदी बघायची नोकरी. कागदावर शाईची रेघ सरकायची आणि चाचा ती वाचायचे. परत आले आणि वाचायला रेघच उरली नाही. "पहिलं वर्ष हे माझ्या कुकरच्या शिट्ट्यांच्या वेळा लिहून ठेवायचे," असं चाची सांगतात. मग डॉक्टरांनी त्यांना झोपेत श्वास अडण्याचा आजार सांगितला. नाकावर मास्क बांधून झोपायचं आणि मशीन दाबाने हवा सोडत राहणार, असा उपाय. त्या मशीनमध्ये नखाएवढं कार्ड निघालं आणि कार्डावर रात्रभराचा एकेक श्वास रेघेने उमटलेला! "भाऊ, अल्लाने माझी नोकरी परत दिली," ते मला म्हणाले. चार महिन्यांनी मलाही तोच आजार निघाला, तेच मशीन आलं, तेव्हा चाचा पेढे घेऊन खाली आले. बायकोने पेढा घेतला, पण अभिनंदनाचा स्वीकार कसा करावा हे तिला सुचेना.

रोज सकाळी सात वाजता मी कार्ड घेऊन वर जायचं, असा शिरस्ता पडला. चाची चहा ठेवायच्या आणि चाचा लॅपटॉपवर माझी रात्र उलगडायचे. "हे बघ, घसा मिटला. मशीनने हवा रेटली, पण गडी उघडायला तयार नाही. आता हा बघ, हा वेगळा. घसा सताड उघडा आहे, पण मेंदू हुकूम द्यायला विसरला. सुपरवायझरच झोपला तर मजूर काय करणार? आणि इथे मास्कमधून हवा गळतेय, म्हणजे तू कुशीवर वळलास." एकदा माझी बायको सोबत आली होती. आदल्या दिवशी ऑफिसात साहेबांचा निरोपसमारंभ झाला होता आणि मी फक्त सरबत प्यायलो होतो, निदान घरी तसं सांगितलं होतं. चाचांनी रेघ खालीवर केली आणि निरागसपणे म्हणाले, "सरबताने घसा इतका ढिला पडत नाही, भाऊ." त्या दिवशी मला डबा मिळाला नाही.

सगळ्याचं सार एका आकड्यात यायचं: तासाला किती वेळा श्वास अडला. चाचांचा दोन, माझा नऊ. तो आकडा चाचा खाली सोसायटीच्या फळ्यावर, टँकरच्या वेळेशेजारी खडूने लिहायचे. दारावर येणारी भाजीवालीसुद्धा विचारायची, "आज किती आलं वो, भाऊ? अजून नऊच हाय? चाचांचं बघा की, दोन! कमी करा ना जरा." जणू मी वांग्याचा भाव लावत होतो.

ज्यासाठी लिहायला बसलो, ते आता सांगतो. मला त्या नऊची लाज वाटायला लागली. मग माझ्या लक्षात आलं की मशीन चालू असलेला प्रत्येक तास ते झोपेचाच धरतं. मी संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर खोलीचं दार लावून, मास्क बांधून, आधी तासभर आणि मग दोन-दोन तास खुर्चीत पेपर वाचत बसायला लागलो. जाग्या माणसाचा श्वास अडत नाही. अडणं तेवढंच, तास मात्र वाढले. सरासरी सुरेख उतरली. नवाचे आठ, आठाचे सात. "संध्याकाळीही झोपतोस?" चाचांनी विचारलं. "डोळा लागतो," मी म्हणालो. त्यांनी विश्वास ठेवला. पंधरा दिवसांत आकडा सातावर येऊन ठरला तेव्हा चाचांनी मला जिन्यात मिठी मारली.

घात असा झाला की हवा फार जोरात येते म्हणून मी तक्रार केली होती आणि त्याच आठवड्यांत डॉक्टरांनी माझा दाब थोडा उतरवला होता. चाचांनी दोन्ही गोष्टींची सांगड घातली. "जास्त दाब, जास्त घोटाळा! आमच्या प्लँटमध्येही असंच व्हायचं," असं म्हणून त्यांनी डॉक्टरांना न विचारता स्वतःच्या मशीनचा दाबही उतरवला. त्यांचा आकडा चढायला लागला. दोनाचे सहा, सहाचे अकरा. "सबर," ते मलाच धीर द्यायचे, "तुझाही पंधरा दिवसांनीच उतरला ना?" मी दोनदा खरं सांगायला वर गेलो आणि दोनदा चहा पिऊन खाली आलो. आठव्या दिवशी, भर सकाळी अकरा वाजता, उरणला बहिणीकडे जाताना चाचांना स्कूटरवर झोप लागली. स्कूटर रस्ता सोडून चिखलात गेली. मागून काही येत नव्हतं, म्हणून उजव्या खांद्यावर निभावलं.

हॉस्पिटलात ते मला म्हणाले, "मशीनचा कसूर नाही, भाऊ. माझंच वाचन चुकलं." डॉक्टरांनी दाब पूर्वीचा करून दिला, आकडा पुन्हा दोनावर आला, पण चाचांनी लॅपटॉप मिटला तो मिटलाच. मी कार्ड नेलं तर म्हणायचे, "डॉक्टरला दाखव. माझ्या डोळ्यावर माझाच यकीन नाही आता." पाच महिने मी हे ऐकून घेतलं. खांदा माझ्यामुळे मोडला, हे ओझं होतंच. पण तीस वर्षं रेघ वाचणारा माणूस माझ्या खोट्यापायी स्वतःला अडाणी समजायला लागला, ते मला जास्त जड जात होतं.

मग एका रविवारी लॅपटॉप कुणाला तरी देऊन टाकायच्या गोष्टी कानावर आल्या. मी वर गेलो आणि उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं.

चाचांनी बोटांवर काहीतरी मोजलं. मग म्हणाले, "म्हणजे तो श्वास जागेपणीचा होता?"

"हो."

"दोन-दोन तास पेपर?"

"जाहिराती धरून."

"या अल्ला!" चाचा ताडकन उठले. "अगो, ऐकलंस का? माझं गणित बरोबर होतं! मालच खोटा होता!"

"यांचा खांदा मोडला आणि तुम्ही पेपर वाचत बसलात?" चाची आतून कडाडल्या. "शोभलं का हो हे?"

"खांदा जाऊ दे गं, चहा टाक!" चाचांनी लॅपटॉप उघडलासुद्धा. "हे बघ, हे बघ! झोपेतला श्वास कसा एकसारखा. आणि हा तुझा, कसा अडखळत चाललाय. इथे तर रोखून धरलास. काय करत होतास?"

"शब्दकोडं अडलं असेल."

"आणि मला दिसलं नाही! आकड्याच्या नादात मी रेघच पाहिली नाही!" ते लहान मुलासारखे हसत होते. मला मात्र समोरची रेघ नीट दिसेना.

त्यांचा उजवा हात माऊसवर फार वेळ ठरत नव्हता, म्हणून माऊस मी धरला. एकेक संध्याकाळ मी उघडायची आणि चाचांनी विचारायचं, "ही पण?" "हो चाचा, ही पण." "आणि ही?" "ही पण." दहाएक संध्याकाळी झाल्यावर त्यांचं हसू ओसरलं. तरी ते विचारत राहिले आणि मी सांगत राहिलो. बाहेर दिवे लागले. चहावर साय धरली.

एका संध्याकाळपाशी मी अडलो. "ही नाही, चाचा. त्या दिवशी पेपर वाचता वाचता खरंच झोप लागली होती."

चाचा चष्मा कपाळावर सारून पडद्याला नाक लागेल इतके वाकले. "दिसतंय," ते हळूच म्हणाले, आणि डाव्या हाताने माझा माऊसवरचा हात थोपटून त्यांनी पुढची उघडायला सांगितली.