दोन रेशनकार्डं आणि आबा

आबांच्या हृदयातला वॉल्व्ह बदलावा लागेल, उशीर करू नका, असं जालन्याच्या डॉक्टरनं सांगितलं. तेव्हा मी आधी विचारलं, "कोणत्या कार्डावर होईल?" बाप समोर बसलेला आणि मी कार्ड विचारून राह्यलो. घाबरलो मात्र नव्हतो. आमच्याकडं दोन-दोन सोयी आहेत, असं मी धरून चाललो होतो.

एक माझ्या कारखान्याचा विमा. त्यात आई-बाप घ्या न्हाईतर सासू-सासरे घ्या, दोन्ही जोड्या चालत न्हाईत. मी सासू-सासरे लिहिले. आबा धाकट्या भावाच्या रेशनकार्डावर, म्हणजे सरकारी योजनेत आहेतच, मंग इथली जागा कशाला अडवायची? मोठा शहाणा मी. आता वर्षाच्या मधी ते बदलत न्हाई.

धाकटा गावाकडं, धावड्याला, शेती आणि मेंढरं बघतो. त्याला फोन करून आबांचं कार्ड मागितलं, तर तोच विचारायला लागला,

"आबा तुझ्यात आहेत ना, दादा? आई गेल्यावर कार्ड वेगळं केलं, तेव्हा तूच घेतलंस ना त्यांना?"

"म्या कधी घेतलं?"

दोघांनी आपापली कार्डं काढून पाह्यली. बायका होत्या, लेकरं होती. आबा कुठंच नव्हते. तीन वर्षं ते दोन महिने माझ्याकडं, दोन महिने त्याच्याकडं राहत होते, आणि कागदावर कुणाकडंच नव्हते.

मला रडू आलं न्हाई. राग आला, तोही धाकट्यावर, आणि तोही टिकला न्हाई. जालन्यातच मस्तगडच्या एका विमा एजंटाला गाठलं. त्यानं चहा पाजला आणि सांगितलं, आधीचं दुखणं असलं की नव्या पॉलिसीत काही वर्षं थांबावं लागतं. सत्तरच्या वरच्यांना सरकारचं वेगळं कार्ड आहे, पण आबा अडुसष्टचे.

शेवटी रेशनकार्डात नाव चढवायला तिघं तहसीलला गेलो. आबांना धाप लागल्ती, खुर्चीत बसवलं. तिथल्या बाईंनी अर्ज पाह्यला आणि विचारलं, "कोणाच्या कार्डात लिहू?" मी धाकट्याकडं बघितलं, त्यानं माझ्याकडं.

आबा म्हणाले, "ज्याच्यात जागा असंल त्याच्यात लिहा, बाई."

"माझ्यात," मी म्हणालो. पण आबा बोलल्यावर, त्यांच्या आधी न्हाई.