टाच वळवली की सुटतं म्हणे!

मित्रांनो, सकाळची गोष्ट आहे आणि पोटरी अजून ठणकतेय. ग्रुपवर स्टीलच्या हार्डटेल सायकलचं कौतुक सगळ्यात जास्त मीच करतो, तेव्हा ही फजितीही मीच सांगतो.

त्र्यंबकच्या अलीकडे डोंगरातल्या खडकाळ पायवाटेनं चढत होतो. दगडाला चाक अडलं. सवयीनं दोन्ही टाचा बाहेर वळवल्या. बुटाखालची क्लीट, म्हणजे बूट पेडलला जखडून ठेवणारी पट्टी, अशीच सुटते. डावी सुटली, उजवी नाही. तिचा एक स्क्रू वाटेत कुठेतरी पडला होता, त्यामुळे बूट नुसताच फिरत राहिला. मी सायकलसकट उजवीकडे आडवा!

पाय फ्रेमखाली, डोकं उताराकडे, उठायला जोर लागेना. फोनला रेंज नाही. टाच वळवली, परत वळवली, शिव्या घालून वळवली. अर्धा तास! पाय बधिर व्हायला लागला तेव्हा मात्र खरंच घाबरलो.

शेवटी गवताचा भारा घेऊन एक मावशी आल्या.

"काय झालं रे?"

"पाय अडकलाय मावशी, निघतच नाही."

त्यांनी वाकून पाहिलं. "पाय कुठं अडकलाय? बूट अडकलाय. तू पाय काढ ना त्यातून!"

बुटाची दोन बकलं उघडली. पाय बाहेर.

तीन किलोमीटर सायकल ढकलत आलो. एका पायात नुसता मोजा, आणि बूट पेडलवर आरामात बसलेला.

स्क्रू तपासा वगैरे सांगत नाही, ते तुम्हाला माहीत आहे. मला एवढंच सांगा, ती बकलं अर्धा तास माझ्या हाताशी होती. तुम्हाला सुचलं असतं?